पोरगा सध्या कुठल्या टीमला?

वाचकाचं पत्र, थोडं कमी करून:

मॅडम, मी ६७ वर्षांचा आहे. गिरणीत चार वर्षं बदलीत काढली, मग कायम झालो, मग गिरणीच बंद पडली. त्यानंतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात साठीपर्यंत होतो. मुलगा ३२ वर्षांचा. बास्केटबॉल खेळतो. अकरा वर्षांत नऊ टीम झाल्या. चेन्नई, हैदराबाद, इंदूर, लुधियाना, मध्ये दोन महिने दुबई. कुठंच टिकत नाही. एका टीमनं तर अर्धे पैसे बुडवले. सून पतसंस्थेत कामाला आहे, घर तिच्याच पगारावर चालतं म्हटलं तरी चालेल. चार वर्षांची नात आहे. गल्लीत लोक विचारतात, ‘काय आप्पा, पोरगा सध्या कुठल्या टीमला?’ मला तोंड लपवावंसं वाटतं.

सात वर्षांपूर्वी त्याची मॅच बघायला पुण्याला गेलो होतो. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली, डबा घेऊन. सगळ्या मॅचमध्ये त्याला दोन-अडीच मिनिटं खेळवलं, बाकी वेळ बाकावर. तेव्हापासून मी गेलो नाही.

आता इथल्या एका शाळेनं विचारलंय, १ फेब्रुवारीपासून खेळाचे सर म्हणून या. महिना १२ हजार, अकरा महिन्यांचा करार. आणि त्याच वेळी बाहेरची एक टीम फेब्रुवारी-मार्चसाठी बोलावतेय. दोन महिन्यांचे मिळून ८० हजार, राहणं-खाणं त्यांचं. तो जातो म्हणतो. आता बूट खुंटीला टांग आणि मार्गाला लाग, असं त्याला सांगायचंय. माझं ऐकत नाही. तुमचं सदर तो वाचतो. तुम्ही लिहा.
एक बाप, सोलापूर

आप्पा, नमस्कार.

पत्र गड्डा यात्रेच्या दिवसांत मिळालं, उत्तराला आठवडा लागला. आधी एक सांगून टाकते. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून पोरावर नेम धरायचा तुमचा बेत आहे, तो काही मी पार पडू देणार नाही. तो हे सदर वाचतो म्हणता, तर वाचू दे. त्याच्यासाठीही शेवटी दोन-चार गोष्टी आहेत, आणि त्या त्याला गोड लागणार नाहीत. पण हे उत्तर तुम्हाला आहे.

तुमच्या पत्रातल्या एका शब्दाखाली मी पेन्सिलीनं रेघ मारून ठेवलीय. बदली. स्वतःबद्दल लिहिताना तुम्ही तो सहज लिहून गेलात, ‘चार वर्षं बदलीत काढली’. त्यात लाज नाही, तक्रार नाही. पोराबद्दल लिहिताना मात्र ‘कुठंच टिकत नाही’. आप्पा, बाकावरून उठून मैदानात जातो त्याला आपल्याकडं काय म्हणतात? बदली खेळाडू. तुमचा पोरगा तुमच्याच धंद्यात आहे, फक्त गेट बदललंय.

भोंग्याच्या आधी तुम्ही गेटवर जाऊन उभे राहायचात. आत कुणी गैरहजर असेल तर जॉबर, म्हणजे माणसं निवडणारा मुकादम, बोट करणार, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. ज्या दिवशी बोट तुमच्याकडं वळलं नाही, त्या दिवशी तुम्हाला माग चालवता येत नव्हता का? येत होता. आत जागा नव्हती, एवढंच. आणि आत घेतलं तरी कुणाचा माग मिळेल, तो किती खोडीचा असेल, काही ठाऊक नाही. जायचं, उभं राहायचं, आणि पाच-दहा मिनिटांत त्याची खोड ओळखायची. कायमवाल्याला स्वतःचे माग पाठ. बदलीवाल्याला सगळं खातं पाठ असावं लागतं. हे मी माझ्या चुलत्यांकडून ऐकलंय, तेही तुमच्यासारखेच गेटवर उभे राहिलेले.

२४० दिवसांचा हिशोब तर तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कायदा ती सलग सेवा धरतो. म्हणून दिवस भरत आले की काही ठिकाणी जॉबरचं बोट दुसरीकडं वळायचं.

आता ऐका. अमेरिकेत एनबीए नावाची जगातली सगळ्यात श्रीमंत बास्केटबॉल लीग आहे. ३० टीम, एका टीमला हंगामात ८२ मॅच. तिथं जानेवारीचा पहिला आठवडा सरत आला की दहा दिवसांचा करार नावाची गोष्ट सुरू होते. कुणाचा पाय मुरगळला, कुणाचं बोट मोडलं की बाहेर थांबलेल्यांपैकी एकाला दहा दिवसांसाठी आत घेतात. दहा दिवस झाले की पुन्हा दहा दिवस. पण एकाच टीमला एका हंगामात असे दोनच करार करता येतात. तिसऱ्यांदा ठेवायचं असेल तर हंगाम संपेपर्यंत ठेवावं लागतं. मग काय होत असेल? वीस दिवस भरले की बऱ्याच जणांना नमस्कार. सोलापूरच्या बदलीवाल्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

या गेटावरचा सगळ्यात मोठा माणूस सांगते. इश स्मिथ. उंची जेमतेम सहा फूट, म्हणजे त्या खेळात बुटकाच. २०१० साली कॉलेजातून बाहेर पडला. तिथं दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, ६० नावं पुकारतात. त्याचं पुकारलं नाही. मग ह्यूस्टन, मेम्फिस, गोल्डन स्टेट, ऑरलँडो, मिलवॉकी, फिनिक्स… पुढची यादी लिहीत बसत नाही. डेट्रॉइटला तीन हंगाम मिळाले, तोच त्याचा सगळ्यात मोठा मुक्काम. २०२२ साली डेन्व्हरला गेला तेव्हा ती त्याची तेरावी टीम होती. तेरा वेगवेगळ्या टीमकडून खेळलेला एनबीएच्या इतिहासात दुसरा कुणी नव्हता. आणि २०२३ च्या जूनमध्ये डेन्व्हरनं आपलं पहिलंवहिलं अजिंक्यपद जिंकलं. तो प्लेऑफमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या शेवटच्या फेऱ्यांत, किती खेळला? मोजकी मिनिटं. बाकी वेळ, तुमच्या शब्दांत, बाकावर. विजेत्या टीमला देतात ती अंगठी त्यालाही मिळाली.

त्याच्या आधीचा विक्रम बारा टीमचा होता. तो चौघांच्या नावावर होता आणि त्यात एक जो स्मिथ. हा १९९५ च्या निवडीत सगळ्यांत आधी पुकारलेला पोरगा, त्या वर्षीचा पहिला नंबर. एकाचं नाव सर्वांत आधी घेतलं, दुसऱ्याचं घेतलंच नाही, आणि बॅग मात्र दोघांनीही सारखीच भरली. मी गणिताची बाई, मला हा हिशोब फार आवडतो.

तुम्ही म्हणाल, चांगला असता तर एकानं तरी ठेवून घेतला असता. तसं नसतं हो. तिथं दोन टीम खेळाडूंची अदलाबदल करतात तेव्हा दोन्हीकडच्या पगारांचा मेळ बसवावा लागतो. मोठ्या नावाचा माणूस घ्यायचा तर समोर तेवढ्या रकमेचे करार ठेवायचे. मग कमी पगाराची दोन-तीन माणसं वजनाला वजन म्हणून पारड्यात पडतात. वाण्याच्या तराजूत छटाक-पावशेरची मापं असतात ना, तशी. शिवाय अशा माणसाला जागोजागी मागणीही असते. त्याला टीमच्या चाली दोन दिवसांत पाठ होतात, मोठ्या खेळाडूला सरावात तो दमवतो, आणि खेळायला मिळालं नाही म्हणून खोलीत तोंड पाडून बसत नाही. शेवटचं सगळ्यात अवघड. ते ज्याला जमतं त्याला फोन येत राहतात. ज्याला जमत नाही तो तिसऱ्या टीमनंतर घरी असतो. तुमच्या पोराला अकरा वर्षांत नवव्यांदा फोन आला, आणि आता दहावा आलाय.

जरा माझंही सांगते, म्हणजे हे सगळं पुस्तकातलं वाटायला नको. मी शाळेत गणित शिकवलं, पण रविवार आणि सुट्ट्या बास्केटबॉलच्या टेबलवर गेल्या. वीस-बावीस वर्षं स्कोअरशीट भरली. शाळा, जिल्हा, विभाग, आमंत्रितांच्या स्पर्धा. उन्हात सिमेंटच्या कोर्टवर बसून पेनाची शाई वाळायची. या टेबलच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची असते, ती बदली खेळाडूची. कोच खूण करतो, पोरगं बाकावरून उठून आमच्याकडं येतं, ‘सब’ म्हणतं आणि त्या खुर्चीवर बसतं. खेळ थांबून बझर वाजेपर्यंत तिथंच. कधी दहा सेकंद, कधी तीन मिनिटं.

तेवढ्या वेळात ही पोरं माझ्याशी बोलायची. हळू आवाजात, नजर कोर्टवर. ‘मॅडम, सात नंबरचे किती फाउल झाले?’ मी बोटं दाखवायची, तीन. पाचव्याला माणूस बाहेर जातो. म्हणजे आणखी एक काढला की सात नंबरवाला जपून खेळणार, हात मागं घेणार. आत जायच्या आधीच या पोरानं ठरवून टाकलेलं असायचं की कुणाच्या अंगावर जायचं. टीमच्या हिरोनं मला हा प्रश्न कधी विचारल्याचं आठवत नाही. त्याला गरज नसायची. खुर्चीवरचा विचारायचा, कारण त्याच्याकडं दोनच मिनिटं असायची.

आणि ती दोन मिनिटं कसली, तर अंगातला घाम वाळलेला, गुडघे गार पडलेले, समोरचे पाचजण तापलेले. पहिल्या मिनिटालाच चूक झाली तर कोच पुन्हा बाकाकडं बोट करणार. गिरणीत निदान पाळी पूर्ण मिळायची.

म्हणून पुण्याच्या त्या मॅचबद्दल विचारते. अडीच मिनिटं म्हणजे, दर चढाईला २४ सेकंद धरले, तरी दोन्हीकडच्या मिळून सहा-सात चढाया होतात. त्या सहा-सात चढायांत त्याला कुणावर सोडलं होतं? समोरचा कुणी सुटला होता का, त्याला आवरायला तर पाठवला नव्हता? त्या वेळात समोरच्यांनी किती गुण केले? तुम्ही यातलं काहीच लिहिलं नाहीत. तुम्ही घड्याळ बघत होतात, आप्पा. पोराची मिनिटं मोजत होतात. डबा घेऊन चार तासांचा प्रवास करून गेलेला बाप दुसरं काय करणार, तेही खरंच. पण सात वर्षांत एकदा तरी त्याला विचारलंत का, की बाबा, त्या दिवशी तुझं काम काय होतं?

आता दुसरी बाजू. ती लपवून ठेवली तर मी फसवी.

अमेरिका अमेरिकेच्या जागी. एनबीएत तीन हंगामांची सेवा झाली की फिरत्या खेळाडूलासुद्धा पेन्शनचा हक्क मिळतो, किमान पगार ठरलेला असतो, खेळाडूंची युनियन असते. आपल्याकडं बास्केटबॉलपटू टिकला तो नोकरीवर. रेल्वे, ओएनजीसी, बँका, सेनादल, पोलीस. भारताचा कर्णधार राहिलेला विशेष भृगुवंशी ओएनजीसीचा. २०१७ साली त्याचा ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड टीमशी करार झाला, पण मागं नोकरीचा आधार होता. त्याच सुमाराला अमृतपाल सिंग सिडनीकडून खेळला. सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलसनं ५२ व्या क्रमांकावर निवडलं, एनबीएच्या निवडीत नाव पुकारलं गेलेला पहिला भारतीय. पण एनबीएची मॅच काही त्याच्या नशिबात आली नाही. पुढं तो प्रो-रेसलिंगच्या, म्हणजे शोच्या कुस्तीच्या रिंगणात गेला. आपल्याकडं २०१५ मध्ये यूबीए नावाची लीग सुरू झाली, तीत पुणे पेशवाज अशीही टीम होती, आणि २०१७ नंतर ती लीगच उरली नाही. कायम लागलेली माणसं आणि बंद पडलेली गिरणी, हे तुम्हाला नवं नाही.

तुमच्या पोराला पंचविशीच्या आत नोकरी लागायला हवी होती, हे खरं. रेल्वेची खेळाडू भरती १८ ते २५ वयात होते, तिथं खेळाडू म्हणून वयात सूट नाही. ते गेट बंद झालं. त्याच्यावर आता भांडून उपयोग नाही. एखाद्या वर्षी दुखापत आडवी आली असेल, एखाद्या वर्षी भरतीच निघाली नसेल. तुमच्या पत्रात ते नाही, मीही विचारत नाही.

आता शाळेचं बघू. अकरा महिन्यांचा करार, महिना १२ हजार. आप्पा, हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तुम्ही त्याला एक बदली सोडून दुसऱ्या बदलीवर जा म्हणताय. अकरा महिने का असतात हे २४० दिवसवाल्याला मी सांगायचं का? फरक इतकाच की शाळा सोलापुरात आहे आणि ‘सर’ म्हणतात. गल्लीत सांगायला सोपं. मला तुमची अडचण कळते, पण तिला मार्गाला लागणं म्हणू नका.

आकडेच मांडू. फेब्रुवारी-मार्च शाळेत गेला तर २४ हजार. टीमकडं गेला तर ८०. मागच्यासारखे अर्धे बुडाले तरी ४०. पण एप्रिलपासून टीमकडून शून्य आणि शाळेकडून १२-१२ हजार येत राहतात, म्हणजे शाळाही सोडून चालत नाही. तेव्हा माझ्या मते त्यानं जावं. जायच्या आधी शाळेत स्वतः जाऊन सांगावं की मी येतोय, पण जूनपासून. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते आठ उन्हाळी शिबिर घेतो. आपल्याकडच्या उन्हात आठनंतर मैदानावर कुणी उभं राहत नाही, तेव्हा तेवढा वेळ पुरे. अकरा वर्षं देशभर खेळलेला माणूस १२ हजारांत खेळाचा सर म्हणून मिळत असेल तर चार महिने थांबणं शाळेच्याच हिताचं आहे. नाही थांबली तर जाऊ दे. त्या पगाराची जागा जूनमध्ये दुसरी निघेल.

हे सगळं मी तुम्हाला सांगतेय खरं, पण एका माणसाला यात कुणीच विचारलेलं दिसत नाही. सूनबाई. घर तिच्या पगारावर चालतं असं तुम्हीच लिहिलंय. मग तो जाणार की राहणार याच्यावर पहिलं मत तिचं. तुमचं दुसरं. माझं तर नाहीच. पतसंस्थेत बसणारी बाई आहे, कुणाचा हप्ता थकणार हे तोंड बघून ओळखत असेल. तिला कागद-पेन घेऊन बसवा आणि तुम्ही जरा वेळ कंबर तलावाकडं चक्कर मारून या.

आता तुला रे.

आप्पांचं पत्र वाचून तू चिडला असशील. चिड, पण पुढचं वाच. तुझ्या बापाला मी बराच वेळ समजावलं, आता तुझी पाळी.

किती हंगाम राहिलेत याचा आकडा तुझ्याकडं आहे. सकाळी जिना उतरताना गुडघा तुला रोज सांगतो. तो आकडा बायकोला सांग. एक असेल तर एक, तीन असतील तर तीन. आप्पांना सांगितलं नाहीस तरी चालेल, तिला सांग, आणि मग तो वाढवत बसू नकोस.

या वेळी करार कागदावर घे आणि निम्मे पैसे निघायच्या आधी खात्यावर. तोंडी शब्दावर गाडीत बसायचं वय गेलं. पुन्हा परदेशी टीमचं बोलावणं आलं तर करारात वादाचा निवाडा कुठं होणार ते कलम आहे का बघ. जागतिक बास्केटबॉल संघटनेनं २००७ मध्ये जिनिव्हात यासाठी वेगळा लवाद उभा केलाय, पगार बुडालेले खेळाडू तिथं जातात आणि पैसे वसूलही होतात. पण करारात त्याचं कलम लिहिलेलं असेल तरच. बाहेर जाताना फेडरेशनचं क्लिअरन्स लेटर लागतं, ते तुला माहीत असेलच. ज्या टीमनं टीडीएस कापला असेल तिथलं रिटर्न भर, तुझ्या उत्पन्नात तो बहुतेक परत मिळेल. बरीच पोरं हे पैसे सरकारकडं तसेच सोडून देतात.

तुझी प्रमाणपत्रं कुठं आहेत? माळ्यावर ट्रंकेत, बरोबर? काढ. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि वयात पाच वर्षांची सवलत मिळून ४३ पर्यंत अर्ज करता येतो. तू ३२ चा आहेस. रेल्वेचं गेट बंद झालं म्हणून सगळीच बंद झाली असं धरून बसला असशील, तर चूक आहे. पण अर्ज करायच्या आधी क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. कुठल्या दर्जाच्या पदाला कुठल्या स्तरावरचं पदक चालतं हे ठरलेलं आहे, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन बघ. पडताळणीला वेळ लागतो. जाहिरात निघाल्यावर पळापळ करणाऱ्यांची रांग मी पाहिलीय.

आणि शाळेत सर म्हणून राहायचं असेल तर बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी लागेल, नाहीतर अकरा-अकरा महिन्यांतच पन्नाशी येईल. कोच व्हायचं असेल तर पतियाळाची एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था. तिथं वर्षाचा डिप्लोमा आहे आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही. सहा आठवडे तू कुठल्याही उन्हाळ्यात काढू शकतोस, यंदा शिबिर असेल तर पुढच्या वर्षी. खेळत असतानाच कर. बूट काढल्यावर अभ्यासाला बसणं फार जड जातं. माझ्या टेबलवर येणारी चांगली चांगली पोरं तिथंच अडकली.

एक माणूस सांगते, तुझ्यासाठी. आंद्रे इंग्रॅम. भौतिकशास्त्रातली पदवी. एनबीएच्या खालच्या लीगमध्ये दहा वर्षं खेळला आणि पोटासाठी पोरांना गणित शिकवायचा. (म्हणून मला तो जवळचा वाटतो.) एप्रिल २०१८ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, एनबीएतल्या लेकर्स टीमनं त्याला हंगामाच्या शेवटच्या दोन मॅचसाठी वर बोलावलं. पहिल्याच मॅचला ह्यूस्टनविरुद्ध १९ गुण केले. मॅच टीम हरली. पुढच्या वर्षी एक दहा दिवसांचा करार मिळाला, आणि मग पुन्हा खालच्या लीगमध्ये. ही गोष्ट सांगताना लोक १९ गुणांवर थांबतात. तू गणिताच्या शिकवण्या लक्षात ठेव. त्या होत्या म्हणून तो दहा वर्षं थांबू शकला.

आप्पा, परत तुमच्याकडं येते. गल्लीतल्या प्रश्नाचं काय करायचं ते राहिलं.

‘पोरगा सध्या कुठल्या टीमला?’ हा प्रश्न तुम्ही टोमणा म्हणून ऐकता. एक-दोघे टोमणा मारतही असतील, सोलापूर आहे, कुणी कुणाला सोडत नाही. पण तुम्ही गेटवर उभे असताना तुम्हालाही रोज कुणीतरी विचारत होतंच, ‘आज कुठल्या खात्यात?’ तेव्हा तुम्ही खात्याचं नाव सांगायचात. आता टीमचं नाव सांगा. मार्चपर्यंत इकडं, मग शिबिर, जूनपासून शाळा. एवढं सांगितलं की तिसऱ्या दिवशी तोच माणूस विचारील, आमच्या नातवाला शिबिरात घेईल का.

आणि फेब्रुवारीत त्याची जवळपास कुठं मॅच असेल तर जा. नातीला घेऊन जा. या वेळी घड्याळ बघू नका, तो खुर्चीवर येऊन बसला की कुणाकडं बघतोय ते बघा. फक्त बसताना टेबल आणि बाक ज्या बाजूला आहेत त्याच्या समोरच्या बाजूला बसा. मागच्या बाजूला बसलात तर नुसत्या पाठी दिसतात. पुण्याला तुम्ही बहुतेक तिथंच बसला असाल.